ओ देणारी गल्ली

शिरूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर आमचे आबा लिफ्टसमोरच्या चकचकीत फरशीवर आडवे झाले आणि त्यांनी बोंब ठोकली, "मेलो गं आई! धावा रं कुनीतरी!"

एजंट पोपटशेठ पांढराफटक पडला. मी जागची हलले नाही, कारण बापाची खोड मला माहीत होती. फक्त ती फ्लॅट बघायला आल्यावर बाहेर निघेल असं वाटलं नव्हतं. मजल्यावर चार दारं होती. चारही दारांवर शुभ-लाभ चिकटवलेलं, एकावर तर गणपतीच्या खाली 'सुस्वागतम्' सुद्धा. एकही दार उघडलं नाही. एका दारामागे टीव्ही चालू होता, तो मात्र कुणीतरी पटकन बंद केला.

दोनेक मिनिटांनी वॉचमन आला, रजिस्टर घेऊन. "किस फ्लॅट में जाना है? नीचे एंट्री किया क्या?"

आबा उठले, धोतर झटकलं आणि डोक्याचा पटका सारखा केला. "चला. झाली जागा बघून."

"काका, पण आपण मास्टर बेडरूम बघितलीच नाही," पोपटशेठ म्हणाला.

"त्यात काय बघायचं? डोळं मिटल्यावर सगळ्या सारख्याच."

ही भानगड काय ते आधी सांगते. आम्ही धनगर. माझ्या आजोबांपर्यंत सगळे आणि आबा पन्नाशी गाठेपर्यंत, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या आत परत यायचे. वाटेत जिथं मुक्काम पडायचा त्याला आमच्यात वाडा म्हणतात. दगडी वाडा वेगळा. तो आमच्या बापजाद्यांनी फक्त बाहेरून बघितला, तोही आतली कुत्री अंगावर येईपर्यंत. आमच्या वाड्याची जागा निवडायला कारभारी, म्हणजे वाड्याचा म्होरक्या, एक दिवस पुढं जायचा. पाणी आणि गवत तर कुणीही बघतं. आमच्या घराण्यात त्यावर आणखी एक रीत होती. कारभाऱ्यानं गावाच्या कडेच्या बांधावर उभं राहून साप चावल्यासारखी हाळी द्यायची. गावातून कुणी ओ दिली, धावून आलं, तर तिथं वाडा उतरवायचा. नाही आलं तर गवत कमरेएवढं असलं तरी पुढं चालू पडायचं. दोन-तीन गावांतून लोक काठ्या घेऊन धावून आले होते म्हणे. आबांच्या लेखी तीही ओच. आली तर खरी माणसं.

मी प्रगती. वय छत्तीस, रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, सहा वर्षांपूर्वी काडीमोड, शिरूरात एक भाड्याची खोली. आई, म्हणजे अनसाबाई, तीन वर्षांपूर्वी गेली. आबा खुटबावला, दौंडच्या रेल्वेलाईनवरच्या आमच्या गावी, एकटे राहतात. दीड एकर ऊस चुलतभाऊ बघतो. आबा चार शेळ्या बघतात, आणि शेळ्या आबांना. गेल्या संक्रांतीला ते पाण्याच्या टाकीजवळ शेवाळावरून घसरले. सकाळपासून तिथंच पडून हाका मारत होते. चुलतभाऊ चौफुल्याला गेलेला, वस्ती लांब. शेवटी दुपार कलल्यावर डेअरीचा माणूस दूध न्यायला आला, तेव्हा त्यानं उचललं. हाड शाबूत राहिलं, पण मला ते कळलं त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी ठरवलं, घर घ्यायचं आणि या माणसाला उचलून आपल्याजवळ आणायचं.

सहा महिने मी भांडले. आबांनी दाद दिली नाही. मग एक दिवस शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "घे घर. पर जागा मी बघनार. मला पटंल तिथंच घ्यायचं."

मला वाटलं, म्हातारा नमला. कारभाऱ्यानं जागा निवडली की वाडा तिथं उतरतो, एवढंच मला ठाऊक. मी आश्रमशाळेत वाढलेली, वाड्यावर सुट्टीपुरती पाहुणी होते.

आता माझ्या मनात कसलं घर होतं तेही सांगते. मला शांतता हवी होती. दिवसभर कंपनीत मशिनींची घरघर. त्याआधी हडपसरला सासर होतं, चौदा माणसांचं, जिथं माझं नाव फक्त चहाच्या वेळेला सगळ्यांच्या लक्षात यायचं. त्यामुळे मला असं घर हवं होतं की दार लावलं की जग बंद. शेजारी कोण राहतो हे मला नेमप्लेटवरून कळावं, त्यापेक्षा जास्त नको. शिरूरात आता अशी घरं ढिगानं झाली आहेत. गेट, कारंजं, जॉगिंग ट्रॅक, आणि त्या ट्रॅकच्या कडेला चालायला मनाई असलेली लॉनची पट्टी.

पोपटशेठनं आम्हाला अशा सात सोसायट्या दाखवल्या, आणि आमचे आबा सातही ठिकाणी मेले. दुसऱ्या ठिकाणी एका बाईनं जाळीच्या दारातून सांगितलं, "आमचं पार्सल नाहीये हो." तिसऱ्या ठिकाणी कानात मोबाईलचे बोळे घातलेला एक पोरगा "एक्सक्यूज मी अंकल" म्हणत आबांना ओलांडून जिन्यानं खाली गेला. पाचव्या ठिकाणी तर कमाल झाली. आबा अजून फरशीवर होते, तोवर पोपटशेठचा मोबाईल वाजला. तो त्या सोसायटीच्या ग्रुपवर होता. ग्रुपवर दाराच्या भिंगातून काढलेला आबांचा फोटो आला होता आणि खाली लिहिलं होतं: 'बी विंग, अनोळखी इसम पॅसेजमध्ये झोपला आहे, सर्वांनी दारे बंद ठेवावीत.' त्याला अकरा जणांनी अंगठे दिले होते.

"बघा," मी आबांना म्हटलं, "आलं की उत्तर."

"अंगठं आलं. मानूस कुठाय?"

सातव्या सोसायटीनंतर पोपटशेठनं हात जोडले. "मॅडम, शिरूरमध्ये मला अजून धंदा करायचाय. लोक विचारायला लागलेत, तो मरणारा म्हातारा पुन्हा येणार आहे का. तुम्ही दौंड बघा. तिथं माझ्या मेहुण्याकडं एक फ्लॅट आहे. तुमच्या स्टँडर्डचा नाही, पण काकांच्या स्टँडर्डचा असंल."

कंपनीचा दुसरा प्लांट दौंडजवळ कुरकुंभला असल्यानं मला बदली मागता येत होती. म्हणून गेलो.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. स्टेशनच्या मागच्या अंगाला इंजन गल्ली आहे. एकेकाळी तिथं इंजिन ड्रायव्हर राहायचे म्हणून ते नाव. आता तिथं कोण राहत नाही ते विचारा. गल्लीत शिरलो तेव्हा एकाच वेळी अजान चालू होती, स्टेशनवरची बाई कुठल्याशा एक्सप्रेसच्या विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त करत होती, बोंबीलवाली ओरडत होती आणि दोन बायका नळावरून एकमेकींच्या माहेरचा उद्धार करत होत्या. तिसऱ्या मिनिटाला एकीनं मला विचारलं, "मालक कुठायत?" मी म्हटलं, नाहीत. चौथ्या मिनिटाला दुसरीनं विचारलं, "वारले का सोडलं?" माझं डोकं तिथंच फिरलं.

इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, एकूण सहा फ्लॅट. तळमजल्यावर इलाहीचाचांचं गाद्यांचं दुकान. त्यांचं कापूस पिंजायचं मशीन चालू झालं की वरच्या मजल्यापर्यंत जिना थरथरतो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. मी खिडकी उघडून बघत होते, समोर कुणाची तरी वाळत घातलेली लुंगी, एवढ्यात बाहेर जिन्याच्या वळणावर आबांनी ठेवून दिली, "मेलो गं आ..."

'आई'तली ई बाहेर पडायच्या आत पिंजायचं मशीन थांबलं. दारं धाडधाड उघडली. खालून इलाहीचाचा दाढीला कापूस लागलेले तसेच पळत आले. समोरच्या दारातून त्यांची बायको बानूचाची हाताला पीठ आणि एका हातात चप्पल घेऊन आली. "मिरगी हाय वाटतं म्हाताऱ्याला!" म्हणत तिनं ती चप्पल आबांच्या नाकाला दाबली. कुणी कांदा फोडला. कुणी पाण्याची आख्खी कळशी तोंडावर ओतली. आणि वरून आले आण्णा. आण्णा म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. त्यांच्याकडं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट होतं आणि तीस वर्षांत ते वापरायची संधी त्यांना एकदाही मिळाली नव्हती. ती आज मिळाली. ते आबांच्या शेजारी गुडघे टेकून बसले, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि मोठ्यानं आकडे मोजत दाबायला सुरुवात केली.

"अरं जित्ता हाय मी!" आबा ओरडले.

"पेशंट बोलतोय, बोलू द्या," आण्णा म्हणाले. "सात! आठ!"

"अरं सोडा! बरगड्या मोडत्यात! मी नाटक करत व्हतो!"

आण्णांना तिघांनी मिळून ओढून काढलं. जिन्यावर तोवर वीसेक माणसं जमली होती. रिक्षा दारात येऊन उभी होती. ती कुणी बोलावली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग आबांनी उठून बसून, केसातून पाणी निथळत, हाळीची सगळी रीत समजावून सांगितली. मग बानूचाचीनं तोंड उघडलं.

"लाज न्हाई वाटत का वो या वयात? माझी भाकर तव्यावर करपली! हितं मानसाचं काळीज तोंडाला आलं आन् ह्ये म्हनं जागा बघतायत! थांबा." ती आत गेली आणि काळी ठिक्कर भाकरी ताटलीत घेऊन आली. "ही आता तुम्हीच खायाची, मामा. सगळी."

आबांनी ती सगळी खाल्ली. इलाहीचाचांच्या दुकानात गादीवर बसून, ठेच्याबरोबर. खाताना दोघांचं कापूस ऊबदार का लोकर, यावर कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी चाचांनी चहा मागवला. उठताना आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "हीच जागा."

"आबा, हितं कान फुटत्यात. आन् त्या बायकांनी मला पाच मिन्टांत उभी सोलली."

"व्हय. धा मानसं पळत आली तर त्यातली चार चौकशा करनारच."

परतीच्या गाडीत मी तोंड फुगवून बसले. मला ती गल्ली आवडली नव्हती, हे मी आजही सांगते. पण मला गोंगाट सहन होत नाही, आणि बाप टाकीजवळ हाका मारत पडलेला त्याहून सहन होत नाही. तिथं बाप असता तर दोन मिनिटांत उचलला गेला असता, वर बरगड्याही दाबून मिळाल्या असत्या. मी बदलीचा अर्ज टाकला आणि फ्लॅट घेतला.

राहायला गेले तेव्हा कळलं की गल्ली माझ्या आधीच माझ्याशी संसार करायला लागली आहे. दार उघडून पिशवी ठेवते न ठेवते तोच बानूचाची पोह्यांची ताटली घेऊन हजर. "तुला सकाळी खायची सवय न्हाई म्हनं. ती आता मोडायची." आण्णांनी जिन्यात विचारलं, "तुमचा रक्तगट बी पॉझिटिव्ह ना? आणि पेनिसिलिन चालत नाही? लिहून ठेवलंय मी." इलाहीचाचांनी तर पैसे न घेता पातळ गादी करून ठेवली होती, कारण मला जाड गादीवर पाठ धरते, हे त्यांना माहीत होतं. माझ्या पाठीबद्दल माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं," बानूचाची म्हणाली. "महिनाभर येतोय की. दर दोन दिसांनी शटल गाडीनं यायचा, एकेकाच्या घरी बसायचा, तुझं सांगायचा आन् जायचा. तू रडतीस कवा, चिडतीस कवा, समदं ठावं हाय आमाला."

मी त्या वेळी चिडण्याच्या टोकाला होते, तेही त्यांना ठाऊक असणार. कारण सगळे पटकन आपापल्या घरात गेले.

रविवारी सकाळी मी जीप ठरवून आबांना आणायला खुटबावला गेले. दोन भांडणं मनात तयार होती, एक वाटेत करायचं आणि एक घरी पोचल्यावर. आबा दारात बसून शेळीच्या खुरातला काटा काढत होते. बांधाबांध काही दिसेना. ट्रंक जिथल्या तिथं, घोंगडं दांडीवर.

"अजून आवरलं न्हाई? जीप खोळंबलीय."

"काय आवरायचं?"

"आज जायाचं ना दौंडाला!"

"मी कुठं म्हनलो मी येतो म्हनून?" शेळीचा पाय न सोडता आबा म्हणाले. "मी जागा बघतो म्हनलो. बघितली. चांगली बघितली."

"जागा तुम्ही निवडली! मग तिथं तुम्ही ऱ्हायाचं!"

"बाय, जागा निवडनारा तिथं बसून ऱ्हातो का? गडी दिसभर मेंढरांमागं रानात. वाड्यावर बाया ऱ्हात्यात, ल्हान पोरं ऱ्हात्यात. हाळी काय कारभारी सोतासाठी देतो व्हय? मागं ऱ्हानारीला काय झालं तर गावातनं कुनी पळत येतंय का, ते बघाय देत्यात."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी मी पेटले. जीपवाला खाली उतरून लांब जाऊन बिडी ओढायला लागला, एवढा माझा आवाज चढला. "सात सोसायट्यांत लोळलात! म्हाताऱ्याच्या हातनं छाती फोडून घेतली! मला त्या बोंबलाच्या वासात नेऊन टाकली, आन् आता म्हनताय मी येत न्हाई? तुम्ही टाकीपाशी पडला व्हता तवा कोन आलं? मला गल्ली नको व्हती, आबा. गल्ली घेतली ती तुम्ही येनार म्हनून. मला तुम्ही पायजे व्हता."

आबांनी शेळीचा पाय सोडला. काटा बोटात धरून बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

"हडपसरचं घर मीच बघितलं व्हतं," ते म्हणाले.

त्या घराचं नाव आमच्यात निघत नाही.

"जमीन बघितली. बंगला बघितला. चौदा मानसं, भरल्यालं घर, म्हनलं लेकीला येकटं वाटायचं न्हाई. जेवलो. पान खाल्लं. सुपारी फोडून आलो." आबांनी काटा मातीत टाकला. "हाळी द्यायची ऱ्हायली. उठलो व्हतो मी तवा. पर सोफ्यावर सगळी इस्त्रीची कापडं घातल्याली मानसं, मला लाज वाटली. म्हनलं, काय म्हनतील, धनगर बोंबलतोय."

"आबा, ऱ्हाऊ द्या."

"तू दोन दिस तापानं वरच्या खोलीत पडली व्हतीस. हाका मारून घसा बसला तुझा. आन् खाली चौदा मानसं जेवत व्हती."

हे मी फक्त आईला सांगितलं होतं, आणि आबांना सांगू नको म्हणून तिला शपथ घातली होती. तिनं ती मोडली होती. मला रडू फुटलं. हळू, डोळे पुसत वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून रडले, इतकी की शेळ्या खुंट्याला ताण देऊन मागं सरल्या. आबा पुढं आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवावा की ठेवू नये याचा विचार करत उभे राहिले. मग ठेवला. हाताला शेळीचा वास होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

छत्तीस वर्षांत त्या तोंडून मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. मी ओढणीनं नाक पुसलं. मग विचारलं, "गडी मेंढरांमागं दिसभर जायाचे. मग सांजेला कुठं यायचे?"

"वाड्यावरच की. आनि कुठं जात्यात?"

"जेवाय?"

"जेवाय. निजाय."

"मग संध्याकाळची शटल हाय," मी म्हटलं. "सकाळची परत यायला हाय. दिसभर तुम्ही हितं शेळ्यांमागं ऱ्हावा, मी काय म्हननार न्हाई."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग शेळ्यांकडं, मग रुळांच्या दिशेला. आपल्याच रीतीत आपण सापडलो हे त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. पटका काढून त्यांनी झटकला, पुन्हा बांधला.

"कालवन कशाचं हाय?"

"मेथी."

"मग एवढ्या लांब कशाला यायचं?"

मी तिथंच उभी राहून बानूचाचीला फोन लावला. म्हटलं, अर्धा किलो मटण आणून ठेवा, आबा मुक्कामाला येतायत.

"अर्ध्या किलोत काय हुतंय?" आबा म्हणाले.